पाहुणा कुणाचा?

आमच्या गावात नाथाजी आप्पा म्हणून एक म्हातारा आहे. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशनचं नाव काढलं की काठी उगारतो. दिवसभर दूध डेअरीच्या कट्ट्यावर बसून असतो आणि समोरून कुणीही गेलं की विचारतो, "कुणाचा रं तू?" पोरगी असेल तर, "कुणाची गं?" बापाचं नाव सांगितल्याशिवाय कुणाला पुढं सोडत नाही. माझी राजेश्वरी शाळेत जायची तेव्हा तिलाही रोज अडवायचा. ती तोऱ्यात सांगायची, "लालासाहेब सुभेदाराची!" मग आप्पा म्हणायचा, "जा बाई. सुभेदाराच्या लेकीला अडवायची कुणाची टाप हाय?" मी पलीकडं गोठ्यात धारा काढत हे ऐकायचो आणि मिशीला पीळ द्यायचो. खोटं कशाला बोलू, लय बरं वाटायचं.

तो सुभेदार मी. फौजेतून निवृत्त होऊन आता ऊस बघतो. आमचं गाव कृष्णेकाठी अगदी हद्दीवर आहे. घर सातारा जिल्ह्यात आणि खालचं रान सांगली जिल्ह्यात, त्यामुळं मला भांडायला दोन तलाठी आहेत आणि मी दोघांशीही भांडतो. स्वभाव तापट, हे मला मान्य आहे. पण माझ्या हाताला एक गुण आहे, तो सगळा परिसर मानतो. फेटा बांधावा तर मी. पाटणपासून शिराळ्यापर्यंत लग्न असो, कुस्तीचा फड असो, कुणाचा सत्कार असो, माणसं मला गाडी पाठवून नेतात. मी बांधलेला फेटा घालून नवरदेव घोड्यावरून पडला तरी फेटा जागचा हलत नाही. आणि हल्ली तर बायकाही हौसेनं बांधून घेतात. आमच्या गावच्या सरपंचबाईंना निवडून आल्याच्या दिवशी मीच बांधला होता.

राजेश्वरीनं शेतीची पदवी घेतली, दोन वर्षं नोकरी केली आणि एक दिवस जेवताना सांगितलं की एका संस्थेमार्फत ती पश्चिम आफ्रिकेत चालली आहे, घाना देशात, उत्तरेकडच्या कुलगोना नावाच्या खेड्यात. दोन वर्षांसाठी, स्वयंसेवक म्हणून. तिथं शिया नावाचं झाड असतं, आपल्या मोहाच्या जातीतलं. त्याच्या बियांपासून बायका लोणी काढतात. मोसमात व्यापारी येऊन बिया मातीमोल भावानं उचलून नेतात, म्हणून बायकांनी एकत्र येऊन आपलं गोडाऊन करायचं आणि भाव आला की विकायचं, असं ते काम. मी म्हणालो, "सहकार शिकवायला आफ्रिकेत कशाला जायाला पायजे? हितं काय कमी भांडणं हायत?" ती हसली आणि गेली.

तिची दोन वर्षं संपत आली तेव्हा तिनं फोन केला. "आबा, आजून येक वरीस ऱ्हाते."

मी फोनवर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली एवढं सांगतो. डेअरीवर तर माणसांना विषयच मिळाला होता. कुणी म्हणायचं, "सुभेदार, लेक तिकडली पाटलीन झाली म्हना की." कुणी विचारायचं, "पगार न्हाई तर मग ऱ्हाती कशापायी?" मला उत्तर देता यायचं नाही, आणि ज्याचं उत्तर देता येत नाही त्याचा मला राग येतो.

शेवटी माझी बायको, शालूबाई, भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, फोनवर वराडून काय हुतंय? जावा आन् डोळ्यानं बघून या."

"बघून न्हाई, घिऊन येतो," मी म्हणालो. परतीचं माझ्याबरोबर राजेश्वरीचंही तिकीट काढलं. तिला त्याबद्दल काही कळवलं नाही. फौजेत एक गोष्ट शिकलो होतो, चाल आधी सांगायची नसते.

मी गूळ, शेंगदाण्याची चटणी, नारळ, एक शाल आणि एक कोल्हापुरी फेटा घेऊन निघालो. आधी विमान, मग दिवसभराची बस, मग आपल्यासारखीच तीनचाकी रिक्षा. कुलगोना दिसलं तेव्हा मला जत-आटपाडीकडची आठवण आली. तीच तांबडी धूळ, तशीच लांब लांब झाडं, शेळ्या, आणि गोल गोल मातीची घरं. मेमुना नावाच्या एका म्हाताऱ्या विधवेच्या अंगणात राजेश्वरीचं घर होतं. एक खोली आणि दाराशी तीन दगडांची चूल. लेक वाळली होती, रापली होती, पण चालत अशी होती की जणू सगळा गाव तिच्या सातबाऱ्यावर आहे.

पहिल्याच दिवशी माझा पारा चढला. वाटेत कुणी वडीलधारं दिसलं की ती उकिडवी बसायची, मान खाली घालायची आणि बराच वेळ काहीतरी विचारपूस चालायची. मी म्हणालो, "सुभेदाराची लेक जमिनीवर उकिडवी बसती?"

"आबा, हितला नमस्कार हाय त्यो. तुमीबी बसा."

"माझं गुडघं धरल्यात," मी म्हणालो. गुडघे ठणठणीत होते. गावच्या प्रमुखाला तिकडं चीफच म्हणतात. त्यांच्या वाड्यावर गेलो तेव्हा सगळे उकिडवे बसले आणि मी मात्र ताठ उभा राहून कडक सलाम ठोकला. चीफ वयस्कर, भारदस्त, अंगात घोळदार अंगरखा. ते खळखळून हसले आणि त्यांनीही बसल्या जागी सलाम केला. मी राजेश्वरीकडं बघितलं, म्हटलं, बघ, जमलं की नाही.

संध्याकाळी मेमुनाआजीनं राजेश्वरीच्याच चुलीवर रांधून आम्हाला वाढलं. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि भेंडीची आमटी, भेंडी अशी की तार तुटत नाही. मी खाल्लं. मी तिला गुळाचा खडा दिला, तो तिनं जिभेवर ठेवून डोळे मिटले. राजेश्वरीला पहिल्या वर्षी मलेरिया झाला तेव्हा ही बाई आठवडाभर तिच्या उशाशी बसून होती. हे लेकीनं आम्हाला तेव्हा कळवलंच नव्हतं. ते ऐकल्यावर मी त्या बाईला हात जोडले. भाषा येत नव्हती, नाहीतर अजून काही बोललो असतो.

राजेश्वरीनं मला गावची परिस्थितीही नीट समजावून सांगितली होती. गावात दोन आळ्या, वरली आणि खालली. तिकडं गावातल्या बायकांची एक पुढारीण असते, तिला मगाझिया म्हणतात. मोठा मान असतो. आधीची मगाझिया वारली आणि तेव्हापासून दोन आळ्यांत कुरबूर चाललेली. वरल्या आळीची अदिसा म्हणून एक धिप्पाड बाई होती, तिची माणसं म्हणत आमची अदिसा. खालली आळी म्हणे, आमच्यातली कुणीतरी. चीफनी निर्णय लांबणीवर टाकला होता.

"आबा, ह्या भांडणात म्या येक सबुद बोलत न्हाई," राजेश्वरी म्हणाली. "दोनी आळ्यांच्या बाया येका गोडाऊनात आणायला माजी दोन वर्सं गेल्यात. उद्या त्याचं उद्‌घाटन हाय. तुमी निस्तं बसून ऱ्हावा."

"मला काय कळत न्हाई व्हय? आपल्या सोसायटीच्या इलेक्शनसारखंच हाय की," मी म्हणालो. पण खरं सांगायचं तर मी एका कानानं ऐकत होतो. मेमुनाआजी खालल्या आळीची, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी गोडाऊनपुढं सगळा गाव जमला. मातीच्या विटांचं, पत्र्याचं गोडाऊन, पण भिंती अशा गुळगुळीत सारवलेल्या की हात फिरवावा. आत बियांची पोती थराला थर लावून रचलेली. ढोल वाजत होते, बाया नाचत होत्या, चीफ खुर्चीवर बसले होते. राजेश्वरी पाहुण्यांना आत पोती दाखवत होती. माझ्याशेजारी गावच्या शाळेचे इद्रिसू मास्तर बसले होते, ते मला इंग्रजीत सांगायचे आणि मी माझ्या फौजी इंग्रजीत उत्तर द्यायचो.

मला वाटलं, आता आपलं कर्तव्य. मी उठलो, चीफना शाल पांघरली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. अंगात बळ आलं. आणि मग मी पिशवीतून तो कोल्हापुरी फेटा काढला. माझ्या मनात एकच होतं, माझ्या लेकीच्या उशाशी बसलेल्या बाईचा सत्कार झाला पाहिजे आणि तो चारचौघांत झाला पाहिजे. आपल्याकडं सत्कार असाच करतात. मास्तर काही म्हणायच्या आत मी बायकांच्या घोळक्यातून मेमुनाआजीला हाताला धरून पुढं आणलं, ओंडक्यावर बसवलं आणि बांधायला सुरुवात केली.

हात सुरेख चालत होता. घडी सफाईदार पडत होती. दुसऱ्या वेढ्याला म्हातारीचे डोळे भरून आले. मला वाटलं, आनंद. ढोलवाला एकाएकी जोरात काहीतरी वेगळंच वाजवायला लागला, मला वाटलं, वा, रंगत आली. तुरा काढला, शेमला पाठीवर सोडला आणि दोन पावलं मागं सरकून बघितलं. आयुष्यात इतका देखणा फेटा माझ्या हातून बांधला गेला नव्हता.

तेवढ्यात ढोल थांबला. नाच थांबला. वरल्या आळीच्या बाया एकेक करून उठल्या आणि पाठ फिरवून चालू लागल्या. चीफच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. शांतता ऐकून राजेश्वरी गोडाऊनातून धावत बाहेर आली, म्हातारीच्या डोक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आबा! ह्ये काय करून बसलासा!"

मास्तरांनी मला हळू आवाजात सांगितलं. त्या गावात भरसभेत कुणाच्या डोक्याला कापड गुंडाळलं तर तो सत्कार नसतो. ते पद देणं असतं. चीफ, इमाम, मगाझिया, सगळ्यांना गादी देताना हेच करतात. म्हणजे मी, आदल्याच दिवशी आलेल्या माणसानं, चीफच्या देखत, वरल्या आळीच्या नाकावर टिच्चून खालल्या आळीची मगाझिया नेमली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरल्या आळीच्या बायांनी गोडाऊनातून आपली पोती बाहेर काढायला सुरुवात केली. डोक्यावर पोतं आणि तोंडातून शब्द नाही. राजेश्वरी दाराशी उभी राहून बघत होती. मला वाटलं ती मला बोलेल, शिव्या घालेल. तिनं नुसती एकेका पोत्याला वाट करून दिली आणि ते मला जास्त लागलं.

"म्या वाईट काय केलं? मान दिला, अपमान न्हाई केला कुणाचा," मीच सुरुवात केली.

"मान दिलासा. पर त्यो द्यायाचा हक कुणाचा, ह्ये इचारलं न्हाई." आवाज शांत होता. "चीफनी बोलीवलंय. वरल्या आळीची मानसं म्हनत्यात, मेमुनाआजीनंच तुमास्नी फूस लावली. शाबीत झालं तर आजीला गावात कुनी इचारनार न्हाई. ह्या वयात."

मला काय करावं सुचेना, आणि काही सुचेनासं झालं की मी हुकूम सोडतो. "मग सोड ह्ये समदं. चल घरला. तुजं तिकीट काढलंय म्या."

"ठावं हाय. आईनं कवाच सांगितलंय." ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आबा, गोळीबार चालू असताना तुमी पोष्ट सोडून घरला आला असता का?"

या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि ते तिलाही माहीत होतं. माझीच लेक. मी पायात चपला घातल्या आणि तिच्यामागून निघालो.

चीफच्या वाड्यात झाडाखाली सभा बसली होती. चपला बाहेर काढल्या. मेमुनाआजी एका बाजूला एकटी बसली होती, मांडीवर घडी केलेला फेटा. तो तिनं रात्रीच उतरवला होता, पण उतरवला म्हणून झालेलं बदलत नव्हतं. सभेत चीफ स्वतः थेट कुणाशी बोलत नाहीत, त्यांच्या शेजारी त्यांचे कारभारी बसतात, त्यांच्या तोंडून सगळं चालतं. कारभाऱ्यांनी माझ्याकडं काठी केली आणि विचारलं,

"हा पाहुणा कुणाचा?"

मास्तर माझ्या कानात सांगत होते. तिथं परक्या माणसाची चूक परक्या माणसाच्या अंगाला लागत नाही. तो ज्याच्या घरी उतरला, ती चूक त्या घराची. परक्याचे डोळे मोठे असतात पण त्याला दिसत नाही, असं ते म्हणतात. म्हणून आधी पाहुणा कुणाचा हे ठरायचं आणि मग पुढचं.

वरल्या आळीचा एक म्हातारा उठला. "पाहुणा राजेश्वरीचा. पण राजेश्वरी स्वतःच परकी आहे. ती उतरली मेमुनाच्या घरी. परक्याला पाहुणा ठेवता येत नाही. म्हणून पाहुणा मेमुनाचा आणि चूकही मेमुनाची."

माणसांनी माना हलवल्या. कायदा म्हणून बरोबर होता, मला सुद्धा खोट काढता आली नसती. मेमुनाआजीनं मान खाली घातली आणि काहीतरी पुटपुटली. मास्तरांनी मला सांगितलं, ती म्हणतेय, दुसऱ्या वेढ्यालाच मला कळलं होतं. उठायला हवं होतं. पण या डोक्यावर ओझ्याशिवाय जन्मात कुणी काही ठेवलं नव्हतं, म्हणून दोन क्षण बसून राहिले.

माझ्या हौसेची शिक्षा या बाईला होणार होती.

तेव्हा राजेश्वरी पुढं झाली. उकिडवी बसली, मान झुकवली आणि बोलायला लागली, त्यांच्या भाषेत. मला एक शब्द कळत नव्हता, पण आवाज कळत होता. कुठं अडखळत नव्हती, कुठं चढत नव्हती. सगळ्या म्हाताऱ्यांनी कान टवकारले होते. मास्तर सांगत होते, "ती म्हणते, पाहुणा माझा. माझ्या चुलीवरचं अन्न त्यानं खाल्लं, माझ्या छपराखाली तो झोपला. दंड असेल तो माझा. गाव सोडायला सांगाल तर आजच सोडते. मेमुनाचं नाव यातून काढा."

"चूल असून भागत नाही," तो म्हातारा म्हणाला. "चूल परकीही मांडतो. ती चूल गावाची आहे असं कोण म्हणतं?"

कुणी बोलेना. खालल्या आळीची माणसं बोलली असती तर आपल्या बाजूचं बोलतात असं झालं असतं, म्हणून ती गप्प. राजेश्वरी तशीच बसून होती. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. दोन वर्षांचं सगळं काम त्या एका प्रश्नावर लटकलं होतं आणि तो प्रश्न मी उभा केला होता.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला. "मी म्हणते."

अदिसा उठली होती. वरल्या आळीची अदिसा, जिचा मान मी भरसभेत दुसऱ्याच्या डोक्यावर बांधला होता. पाठीला एक बाळ बांधलेलं. ती पुढं येऊन बसली आणि मास्तर सांगता सांगता स्वतःच हळवे झाले. "ती म्हणते, गेल्या पावसात माझी सून अडली होती. पाऊस कोसळत होता, घरातल्या काड्या भिजलेल्या, चुलीत राख. आमच्या आळीत तीन घरी गेले, विस्तव नव्हता. या मुलीच्या चुलीतून मी निखारा नेला. पाणी तापलं, नातू जन्मला. बाळंतिणीच्या घरात परक्या चुलीचा विस्तव कुणी नेतं का? तिची चूल परकी म्हणाल तर माझा हा नातू परका म्हणावा लागेल. आणि ते माझ्या तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत आहे, ते मला बघायचंय."

मी त्या बाईकडं बघतच राहिलो. आपल्याकडंही बाळंतिणीच्या घरची आग कुणाची असावी याला किती जपतात, ते मला माहीत होतं. तिनं गप्प राहायचं ठरवलं असतं तर मगाझियाचा मान घरबसल्या तिच्याकडं चालत आला असता. तिला हे चांगलं कळत होतं, आणि तरी ती उठली. असली माणसं जिथं आहेत तिथं माझी लेक राहते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

चीफ कारभाऱ्यांच्या कानाशी लागले. कारभाऱ्यांनी काठी आपटली. "पाहुणा राजेश्वरीचा. चूक राजेश्वरीच्या घरची. आणि ते घर या गावचं."

सभेतून एक हुंकार उठला. राजेश्वरीचे डोळे वाहत होते, पण पाठ ताठ होती. तिनं पानात गुंडाळलेल्या कोलाच्या बिया चीफपुढं ठेवली. कोला म्हणजे एक कडू बी, आपल्याकडच्या सुपारीसारखी मानाची. मग तिनं डोकं जमिनीला लागेल इतकं वाकवलं आणि माफी मागितली. माझ्या चुकीची माफी.

माझे गुडघे कधी वाकले ते मला कळलं नाही. मी तिच्या शेजारी उकिडवा बसलो, मान खाली घातली. मोठमोठ्या साहेबांपुढं ताठ उभा राहिलेला माणूस मी. पण तिथं वाकताना कमीपणा वाटला नाही. उलट छाती इतकी भरून आली होती की श्वास पुरेना. कारभाऱ्यांच्या तोंडून चीफ म्हणाले, "सुभेदाराचे गुडघे बरे झाले वाटतं." लेकीनं त्यांना माझी थाप सांगितली होती तर! सगळी सभा हसली, मीही हसलो, आणि मग उठता येईना तेव्हा मात्र मास्तरांना हात द्यावा लागला. आता खरंच धरले होते.

फेट्याचं काय करायचं हा प्रश्न उरला. चीफ म्हणाले, ज्यानं बांधला त्यानं सगळ्यांसमोर मोकळा करावा, म्हणजे पदही सुटेल. मी मेमुनाआजीच्या हातून तो घेतला आणि घड्या सोडून लांबच लांब कापड केलं. ते तिच्याकडून काढून घेताना माझे हात जड झाले होते. अदिसानं ते कापड माझ्या हातातून ओढलं, चौपदरी दुमडलं, पाठीवरचं बाळ सोडलं आणि मेमुनाच्या पाठीला बांधलं, माझ्या कोल्हापुरी फेट्यानं. गाठ अशी पक्की मारली की मीही मान डोलावली. "डोक्यावर नको," ती म्हणाली, "पाठीवर चालेल." म्हातारी हसायला लागली आणि बाळाला थोपटत उभी राहिली. दुपारपर्यंत पोती गोडाऊनात परत आली.

त्यानंतर मी आठवडाभर राहिलो. पोती उचलली, शेळ्यांचं एक कुंपण नीट करून दिलं, मास्तरांना फेटा बांधायला शिकवला, पण बंद खोलीत. राजेश्वरीला परत चल म्हणून मी पुन्हा एकदाही म्हणालो नाही. तिनंही तिकिटाचा विषय काढला नाही.

निघायच्या दिवशी चीफकडं गेलो. तिकडं पाहुण्यानं यजमानाकडं वाट मागायची असते, वाट दिल्याशिवाय निघायचं नसतं. मी उकिडवा बसलो आणि पाठ केलेलं वाक्य म्हणालो. चीफनी मान हलवली. "मी तुझा यजमान नाही. सभेत काय ठरलं ते विसरलास? ज्याचा पाहुणा त्याच्याकडं वाट माग."

अंगणात परत आलो. राजेश्वरी चुलीपुढं बसून चहा करत होती. मेमुनाआजी होती, अदिसा होती, आळीतली माणसं जमली होती. मी लेकीच्या पुढं उकिडवा बसलो.

"आबा, उठा की! काय करतासा!"

"गप. रीत हाय." मी मान खाली घातली. "तुला न्यायला आलो हुतो राजे. न्हाई नेत. मला वाट दे."

पदर नव्हता, तिनं ओढणीनं डोळे पुसले. मग तिथल्या रीतीनं म्हणाली, "अर्धी वाट देते, आबा. अर्धी हितंच ऱ्हाईल. ती न्यायला परत यावं लागंल तुमास्नी."

आपल्याकडं जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. मी म्हणालो, "येतो." आणि रिक्षात बसेपर्यंत मागं बघितलं नाही, कारण सुभेदारानं रडताना दिसू नये असं मला अजूनही वाटतं.

गावी पोचलो त्या सकाळी पिशवी खांद्याला लावून डेअरीवरून चाललो होतो. कट्ट्यावर दूध घालणारी माणसं थांबली. सगळ्यांच्या नजरा माझ्या मागं, लेक कुठं आहे बघायला. कुणीतरी खाकरलं. मी काही बोलायच्या आत नाथाजी आप्पानं काठी आडवी घातली. पिकल्या डोळ्यांना मी दिसतच नव्हतो, नुसती सावली दिसत असणार.

"कोन त्यो? कुणाचा रं तू?"

सगळे हसायला लागले. एकजण म्हणाला, "आवं आप्पा, सुभेदार हायत त्ये!" मी हातानं त्याला गप्प केलं आणि आप्पाच्या कानाशी वाकलो, पण सगळ्या कट्ट्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणालो,

"राजेश्वरीचा."

आप्पानं काठी बाजूला घेतली. "मग जा," तो म्हणाला.